पासंग

तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांचे किराण्याचे दुकान होते. रोज सकाळी दुकान उघडून, गल्ल्याला उदबत्ती ओवाळून झाली की ते रिकामा तराजू उचलून धरीत आणि काटा स्थिर होईपर्यंत गप्प उभे राहत. एखादे पारडे केसभर वर राहिलेले दिसे. पावसाळ्यात साखळीला गंज चढे, उन्हाळ्यात पारड्याच्या तळाशी गुळाचा राप बसे. काही ना काही कारण असेच. मग ते हलक्या पारड्याच्या साखळीत पत्र्याचा एक तुकडा अडकवीत, पुन्हा तराजू उचलीत, आणि दोन्ही पारडी समोरासमोर आली की मगच पहिल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणत. ह्या फरकाला, आणि तो मोडणाऱ्या त्या तुकड्यालाही, पासंग म्हणतात हे मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो. एखाद्या संशयी म्हातारीने नाक मुरडले, तर वडील न रागावता मालाच्या पारड्यात वजन आणि वजनाच्या पारड्यात माल घालून पुन्हा तोलून दाखवीत. 'लुगड्याला काठ असतो तसा तराजूला पासंग असायचाच,' ते म्हणत, 'आपण तो बघून घ्यायचा.'

पुढे मी तो तराजू विसरलो. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. एका खाजगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ह्या गृहस्थाला रसायनशास्त्रात शिरायचे कारण काय, असे जाणत्या वाचकांनी विचारले तर त्यांचे काही चुकणार नाही. कारण एवढेच की, गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस राहायला आली होती, आणि तिच्या बोलण्यातून मला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट नव्याने दिसली. ती मी सांगणारच आहे. परंतु आधी भाचीची.

ती पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. तिच्या शास्त्राचे नाव मेटाबोलॉमिक्स. आपण जेवतो, चालतो, झोपतो, तेव्हा शरीरात जी मोडतोड आणि जुळवाजुळव चालते तिला पाठ्यपुस्तकात चयापचय म्हणतात. तीतून हजारो लहान रेणू रक्तात उतरतात: साखरा, आम्ले, स्निग्ध द्रव्ये आणि आणखी कितीतरी. रक्ताच्या थेंबातून ह्यांतले शेकडो रेणू एकाच बैठकीत मोजावयाचे, असा तो उद्योग. यंत्र रेणूंना विद्युत्भार देते आणि वस्तुमानाच्या मानाने त्यांची पांगापांग करते. हे कशासाठी, तर आजार पुढच्या दाराने येण्याआधी मागच्या दाराशी त्याची चाहूल लागते का, ते पाहण्यासाठी. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी पिढ्यान् पिढ्या चाललेल्या पाहणीतून 2011 साली असे दिसून आले की, रक्तातील पाच अमिनो आम्लांचे प्रमाण चढलेले असेल तर त्या माणसाला पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. आणि ही खूण आजार उघड होण्याच्या बारा बारा वर्षे आधीही सापडते. ज्या घरात आजोबा, वडील आणि थोरला भाऊ असे तिघेही मधुमेहाने थकलेले आहेत (आमचे घर असे आहे) त्या घरात अशी बातमी निव्वळ कुतूहलाची राहत नाही.

परंतु एका इस्पितळातून माणसे मिळून मिळून किती मिळणार? म्हणून तीन ठिकाणचे आकडे एकत्र करावयाचे ठरले, आणि तिथेच माशी शिंकली.

'मामा, तिन्हीकडचे आकडे एका कागदावर मांडले आणि पहिल्यांदा काय दिसलं सांगू?' चकलीचा तुकडा हातात तसाच धरून ती म्हणाली, 'माणसांचे तीन घोळके दिसले. आजारी आणि निरोगी असे नव्हेत, बायका आणि पुरुष असेही नव्हेत. तीन प्रयोगशाळांचे तीन!'

असे का व्हावे, ते तिने मला समजावले. रक्त काढल्यावर नळी टेबलावर तशीच राहिली, तर तांबड्या पेशी आपल्या स्वभावानुसार साखर खात राहतात. तासाला सुमारे 5 ते 7 टक्के साखर अशी उडून जाते. एका ठिकाणी नळी लगेच बर्फात गेली, दुसऱ्या ठिकाणी चहा होईस्तोवर थांबली. एका ठिकाणी लोक उपाशीपोटी आले, दुसऱ्या ठिकाणी पोहे खाऊन. शिवाय यंत्र जो आकडा देते तो मिलिग्रॅमचा नसतोच मुळी. त्या यंत्राला त्या दिवशी तो रेणू किती मोठ्याने 'ऐकू' आला, एवढेच तो सांगतो. दिवसभर नमुने जाऊन जाऊन यंत्राचे तोंड मळते आणि संध्याकाळी त्याला सकाळच्यापेक्षा कमी ऐकू येऊ लागते. मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा, तर बंगालचा 82 पौंडांहून थोडा अधिक. नाव एक, वजन भलतेच. तरी त्या काळचे व्यापारी दोन्हीकडचा माल बिनचूक घेत-देत. कारण एका मणाचे दुसऱ्या मणात काय होते, ते कोष्टकात लिहिलेले होते. इथे ते कोष्टकच नाही. आणि असले तरी ते दर सकाळी बदलणार.

मी तिला म्हटले, 'ह्यात एवढं काय आहे? सगळ्यांची सरासरी काढा. चुका एकमेकींना खाऊन टाकतील.' मास्तर लोकांचा सरासरीवर फार विश्वास असतो.

ती हसली. तिच्या म्हणण्याप्रमाणे चुका दोन जातींच्या. एक पासंग: तो नेहमी एकाच बाजूला झुकवतो, आणि त्याची हजार वेळा सरासरी काढली तरी तो हजारपट ठाम होऊन बसतो. दुसरी चूक हाताच्या थरथरीसारखी. कधी इकडे, कधी तिकडे. ती सरासरीत विरते खरी, पण अंगावर खूण ठेवून जाते. मोजमाप थरथरत असले, की ज्या दोन गोष्टींचा खराखुरा संबंध आहे तोही फिका दिसू लागतो. चार्ल्स स्पिअरमन ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1904 साली हे दाखवून दिले, आणि फिकेपणा किती ते ठाऊक असेल तर मूळ रंग हिशेबाने परत आणता येतो, हेही सांगितले. मात्र त्यासाठी तीच गोष्ट दोनदा मोजलेली पाहिजे. थरथर किती ते पाहिल्याशिवाय रंग चढवणे म्हणजे जुन्या चित्रात आपल्या मनाने कुंकू भरणे.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती माझ्यातल्या मास्तराला चांगलीच झोंबली. यंत्राला ठराविक मर्यादेखाली काही दिसत नाही. अशा वेळी कोणी रकाना कोरा ठेवतो, कोणी शून्य मांडतो, कोणी त्या मर्यादेच्या निम्मा आकडा ठोकून देतो. तीन ठिकाणचे कागद जोडले की 'सापडले नाही' आणि 'नाही' हे एकाच रांगेत येऊन बसतात. परीक्षेला तापामुळे न आलेल्या पोराला आणि कोरा पेपर देऊन गेलेल्या पोराला सारखेच शून्य देऊन वर्गाची सरासरी काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आरशातही पाहिले आहेत.

हा प्रश्न यंत्रांच्या काळात उपजलेला नाही. 1748 साली गुरू आणि शनी ह्यांच्या गतीतील विसंगतीचा उलगडा करण्यासाठी पॅरिसच्या अकादमीने बक्षीस लावले होते. ऑयलरसारखा गणिती त्या कामी लागला. त्याच्यापुढे 1582 पासून 1745 पर्यंतची 75 निरीक्षणे होती. नाना हातांनी, नाना दुर्बिणींतून आणि दुर्बीण जन्मण्याच्याही आधी केलेली. ती सारी एकत्र जोडायला त्याचे मन धजेना. जितकी निरीक्षणे मिसळाल तितक्या चुका वाढतील, असे त्याला वाटे. त्याच सुमारास टोबियास मायर नावाचा एक जर्मन चंद्रावरच्या मॅनिलियस ह्या विवराकडे पाहत होता. त्याने 27 निरीक्षणांचे नऊ-नऊंचे तीन गट पाडले, प्रत्येक गटातली समीकरणे बेधडक एकत्र केली आणि 1750 साली उत्तर काढून मोकळा झाला. पुढील काळाने मायरला शहाणा ठरवले. एकत्र केल्याने ज्ञान वाढते, चूक वाढत नाही, हा आजच्या सांख्यिकीचा पायाच आहे. तरीही मला ऑयलरविषयी सहानुभूती वाटते. मायरची 27 ही निरीक्षणे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांची होती. आपला हात किती थरथरतो हे त्याला माहीत होते. ऑयलरला दीडशेहून अधिक वर्षांतल्या अनोळखी माणसांवर विश्वास टाकावयाचा होता. त्याचे गणित चुकले असेल, पण त्याची भीती खोटी नव्हती.

भाचीची मंडळी ह्या भीतीतून कशी वाट काढतात, ते ऐकण्यासारखे आहे. ते सगळ्या माणसांच्या नमुन्यांतून थोडाथोडा थेंब घेतात आणि एका भांड्यात मिसळतात. ही सरमिसळ दर आठ-दहा नमुन्यांमागे पुन्हा पुन्हा यंत्रात घालतात. सरमिसळ तीच, भांडे तेच. तेव्हा तिचा आकडा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा आला, तर बदललेले आहे ते यंत्र, माणूस नव्हे. त्या मापाने बाकीचे आकडे सरळ करावयाचे. ह्याखेरीज प्रत्येक नमुन्यात ओळखीच्या रेणूची थोडी जड केलेली आवृत्ती मोजून घालतात. ती वाटेत जेवढी हरवते तेवढाच तिचा सख्खा हलका भाऊही हरवला असणार, असा तो हिशेब. आणि प्रयोगशाळा-प्रयोगशाळांमधला पासंग पाहण्यासाठी अमेरिकेच्या प्रमाणमापन संस्थेने शंभर माणसांचा रक्तद्रव एकत्र करून, गोठवून, 1950 ह्या क्रमांकाखाली कुप्यांत भरून ठेवला आहे. वर्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही, नुसता अनुक्रमांक. ह्याच रक्तद्रवातील स्निग्ध द्रव्ये 31 प्रयोगशाळांनी आपापल्या पद्धतीने मोजली. तो अहवाल 2017 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी मिळून 1,527 निरनिराळी द्रव्ये मोजली होती. सर्वांच्या आकड्यांवरून मान्य मूल्य ठरवता आले ते 339 द्रव्यांचे. थेंब एकच, बरे का! मी हे ऐकून नाउमेद झालो. भाची मात्र त्या 339 वर खूष होती. तिच्या मते आजवर अंधारात असलेला पासंग त्या कागदावर पहिल्यांदा नीट मोजून मांडला गेला.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका धर्मादाय मंडळाची माणसे आली. ज्या मुलांची वाढ खुंटली आहे त्यांना शेंगदाण्याचे लाडू आणि दूध द्यावयाचे होते. फक्त आम्ही यादी करून द्यावयाची. जूनमध्ये माझ्या वर्गातील 38 मुलांची वजने मी शाळेच्या जुन्या, सुईच्या काट्यावर घेतली होती. जानेवारीत मंडळाने आपला विजेरीवरचा काटा आणला आणि पुन्हा वजने घेतली. मी दोन्ही रकाने शेजारी मांडले, तो काय? वर्गाचे सरासरी वजन सात महिन्यांत 900 ग्रॅमने उतरलेले! वाढत्या वयाची मुले. किलो-सव्वा किलो तरी चढायला हवीत. मुख्याध्यापक म्हणाले, 'सर, हे असं वर पाठवलं तर आपण पोरांना उपाशी मारतो म्हणतील. काट्यांचा फरक असणार. जुळवून घ्या.'

मलाही तसेच वाटले. जुना काटा उदार असणार, नवा चिकट. मी दोन किलोंचा फरक धरला आणि जानेवारीच्या रकान्यात प्रत्येकापुढे दोन किलो वाढवून मांडले. रकाने कसे गुण्यागोविंदाने नांदू लागले! बहुतेक मुले वाढलेली दिसली. ज्यांची वाढ तरीही दिसेना अशी पाच मुले यादीत गेली. कादंबरीत मी तीन माणसांचे स्वभाव एकत्र करून एक माणूस उभा करतो आणि लोक त्याला खरा म्हणतात. तीच लकब इथे माझ्या उपयोगी पडली असावी.

यादीत न आलेल्यांत एक मुलगी होती. तिचे नाव मी लिहीत नाही. जूनमध्ये 21 किलो, जानेवारीत 20. माझ्या जुळवणीनंतर 22. म्हणजे एक किलोने वाढली. लाडू वाटले जात तेव्हा ती खिडकीशी उभी राहून पाटी पुसत असे. ते वर्ष आमच्याकडे पाऊस न झालेले होते. विहिरी दसऱ्यालाच तळाला गेल्या होत्या, आणि तिच्या घरची माणसे ऊसतोडीला गेली होती. ती आजीपाशी राहिली होती. हे सारे मला ठाऊक होते. पण ते माझ्या डोक्यातल्या कादंबरीच्या कप्प्यात होते, आणि वजनांचा तक्ता दुसऱ्या कप्प्यात.

हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, 'मामा, एक तरी मूल एकाच दिवशी दोन्ही काट्यांवर उभं केलं होतं का?'

नव्हते केले. मूल कशाला, मिठाचे पोतेही नाही. जूनची सगळी वजने एका काट्यावर, जानेवारीची सगळी दुसऱ्या काट्यावर. तेव्हा त्या फरकात काट्याचा वाटा किती आणि दुष्काळाचा किती, हे सांगायला ब्रह्मदेव आला तरी त्याच्याही हाती काही लागणार नाही. काटा आणि भूक, दोन्ही त्या एकाच आकड्यात पिळून बसली होती. मी काट्याची चूक दुरुस्त केली असे मला वाटले; प्रत्यक्षात जे काही उतरले होते ते सगळेच मी खोडून टाकले. भाची म्हणाली की त्यांच्याकडेही हीच सर्वांत मोठी धास्ती असते. सगळे आजारी एका प्रयोगशाळेत आणि सगळे निरोगी दुसरीत मोजले गेले, तर प्रयोगशाळांमधला फरक पुसताना आजारही पुसला जातो. आणि नाही पुसला, तर प्रयोगशाळेलाच आजार समजले जाते. मग कोणतेही गणित कामाला येत नाही. अशा वेळी ते काय करतात, असे मी विचारले. 'जोडत नाही,' ती म्हणाली. 'वेगवेगळे छापतो, आणि का जोडले नाहीत ते लिहितो. लोकांना आवडत नाही.'

लोकांना आवडत नाही, हे खरे. जुळलेल्या आकड्यांत एक सात्त्विक तेज असते. न जुळलेले आकडे समोर ठेवणारा माणूस एकतर आळशी वाटतो किंवा नालायक. ग्रीनिचच्या वेधशाळेत 1796 साली किनब्रुक नावाच्या मदतनिसाला नोकरीवरून काढून टाकले. तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो तो क्षण टिपताना त्याची नोंद वरिष्ठांच्या, म्हणजे मॅस्किलाइन ह्यांच्या, नोंदीहून सेकंदाच्या आठ-दशांशाने मागे पडे. पुढे बेसेल ह्या जर्मन ज्योतिर्विदाने ती हकीकत वाचली आणि त्याला शंका आली. त्याने चांगल्या चांगल्या निरीक्षकांशी आपल्या नोंदी ताडून पाहिल्या, तो प्रत्येकाचा काळ दुसऱ्याहून निराळा. म्हणजे किनब्रुकला पासंग होता तसा मॅस्किलाइनलाही होता. फरक एवढाच की, एकाच्या हाती वेधशाळा होती. ही गोष्ट वाचल्यापासून, दोन आकडे जुळत नसले की मी आधी पाहतो की कोणाचा आकडा 'बरोबर' धरला जातो आहे, आणि का. आमच्या तक्त्यात मी जूनचा रकाना बरोबर धरला, कारण तो माझा होता.

आपल्याकडे महालनोबीस ह्यांनी हा पेच फार सरळपणे हाताळला होता. बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करताना ते एकाच मुलखाचे दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपवीत. दोघांच्या उत्तरांतले अंतर हाच पाहणीच्या चुकीचा अंदाज. त्यात खर्च अधिक पडे. पण आपण किती चुकतो हे कळण्यासाठी पैसे मोजावे लागतात, हे त्यांनी गृहीतच धरले होते. मला तर एक पैसाही मोजावा लागला नसता. जुना काटा शाळेच्या अडगळीच्या खोलीत, नकाशांच्या मागे उभा होता. जानेवारीच्या त्या सकाळी तो दोन हातांनी उचलून बाहेर आणला असता, चार मुले दोन्हींवर उभी केली असती, तर पाच मिनिटे गेली असती.

दिवाळीची सुटी संपल्यावर मी तो काटा बाहेर काढला. दुकान बंद करताना वडिलांनी जपून ठेवलेली पाच-पाच किलोंची चार लोखंडी वजने घरी होती. ती सायकलला बांधून शाळेत नेली. वीस किलो लोखंड ठेवले तेव्हा सुईने पावणेएकवीस दाखवले. म्हणजे पाऊण किलो अधिक; मी धरले होते दोन. दहा किलोंवर फरक जेमतेम पाव किलोचा होता. तेव्हा सगळ्यांपुढे सारखाच आकडा वाढवणे हेही चुकलेच होते. लहान मुलाला एक पासंग, मोठ्याला दुसरा. उरलेला सव्वा किलो भुकेचा होता, असे म्हणायला माझी जीभ वळवळली. पण तेही मला म्हणता येत नाही. मधल्या वर्षांत काटा गंजला आहे, एकदा रंगाऱ्याच्या हातून पडलाही होता. त्या वर्षी त्याची सुई काय सांगत होती, ते आता कोणालाच कळायचे नाही. ती मुलगी सातवीनंतर दिसली नाही. मावशीच्या गावी नाव घातले, असे तिची आजी सांगत होती.

यंदा जूनमध्ये वजने घ्यायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही काटे वर्गात आणून ठेवले. मुले ओळीने उभी राहण्यापूर्वी वडिलांची वजने एकामागून एक दोन्हींवर ठेवली: पाच, दहा, पंधरा, वीस. काय दिसले ते नोंदवहीत पहिल्याच ओळीवर, मुलांच्या नावांच्या वर, लिहिले. मुख्याध्यापकांनी सही करताना चष्मा वर सरकवून विचारले, 'सर, हजेरीत क्रमांक एकवर हे लोखंड कोण?'

'नवीन नाव आहे,' मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि सही केली.